आंधळी कोशिंबीर आणि छर्‍यांचा चेंडू

 

मागच्या बाजारच्या दिवशी मी नेकनूरच्या बाजारात भाजी घेत होते. एक बाई जवळ आली. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी, आईच्या पदराला धरून. बाई म्हणाली, "बाई, तुम्ही रेडिओवर बोलता ना? आंधळ्या पोरींनी क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला म्हणून टीव्हीत दाखवलं. खरं का ते? का असंच आपलं मन राखायला दाखवतेत?" मी म्हटलं, खरं आहे. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "मग चेंडू कसा दिसतो त्यांना?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा अर्धंच माहीत होतं. घरी येऊन वाचत बसले, जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. आजचं बोलणं त्या मुलीसाठी आहे. ऐकत असशील तर आईला म्हणावं, आवाज वाढव.

पण आधी माझी एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. मी छत्तीस वर्षं शिक्षिका होते. एका शाळेत, नाव राहू द्या, माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिला फळ्यावरचं दिसायचं नाही. समोर आलेलं माणूस सावलीसारखं कळायचं, एवढीच नजर. अभ्यासात तिला मी पहिल्या बाकावर बसवलं, शेजारच्या मुलीला मोठ्यानं वाचायला सांगितलं, आणि मला वाटलं की आपण फार केलं. खेळाचा तास आला की मात्र मी तिला लिंबाखाली बसवायचे. मुली खो-खो खेळायच्या आणि ही त्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखायची. "पडशील गं, लागेल," असं मी म्हणायचे. माझ्या बोलण्यात प्रेमच होतं. तीन वर्षं तिनं चपला राखल्या. आवाजावरून तिला धावणारी प्रत्येक मुलगी ओळखू यायची. कोण बाद झाली ते पंचाच्या आधी ती सांगायची. तरीसुद्धा माझ्या डोक्यात काही आलं नाही.

आता इतिहासाकडे येऊ.

आपल्याकडे मुलांचा एक खेळ आहे, आंधळी कोशिंबीर. एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, बाकीच्यांनी त्याला टपल्या मारून पळायचं. त्या खेळात हसू कशाचं येतं? ज्याला दिसत नाही तो चाचपडतो, त्याचं. मी लहानपणी तो खूप खेळले, मलाही हसू यायचं. माझी एक आत्या देवीच्या साथीत दोन्ही डोळ्यांनी गेलेली. त्या काळी आपल्या भागात देवीनं डोळे गेलेली माणसं गावोगाव असायची. देशात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, म्हणून आजच्या पोरींना ते चेहरे ठाऊक नाहीत. आत्याला आम्ही आंधळ्या कोशिंबिरीत कधी घेतलं नाही. पंचमीला फुगडी धरायला मात्र तिच्याकडे पोरी नंबर लावायच्या, कारण तिची पकड कधी सुटायची नाही. फुगडीत बघायचं काय असतं? हाताला हात, पायाला पाय आणि तोल. आत्याला कुणी खेळायला शिकवलं नव्हतं. ज्या खेळाला डोळे लागत नाहीत तो खेळ तिनं आपणहून धरून ठेवला होता. पंधरा-सोळाची झाल्यावर घरातल्यांनी तोही बंद केला.

अंध मुलांच्या शाळेची सुरुवात आपल्या देशात १८८७ साली अमृतसरला झाली. आपल्या मुंबईत १९०० साली ॲना मिलार्ड नावाच्या अमेरिकन मिशनच्या बाईंनी शाळा काढली. साल लक्षात घ्या. १८९९-१९०० चा दुष्काळ. दुष्काळात पोरकी झालेली मुलं मिशनकडे येत होती आणि त्यांत दृष्टी गेलेलीही होती. दुष्काळात आधी अन्न जातं, अन्नाबरोबर अ जीवनसत्त्व जातं आणि लहान लेकराचे डोळे त्यानं जातात. आपण बीडच्या बाया, दुष्काळ म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. अंगणवाडीत लेकराला अ जीवनसत्त्वाचा डोस देतात तो चुकवू नका असं मी प्रत्येक वेळी सांगते, आजही सांगून ठेवते.

तीच शाळा पुढे दादरची अंध मुलींची शाळा म्हणून वाढली. आज तिला कमला मेहता यांचं नाव आहे. तिथल्या मुलींबद्दल वाचताना मी थबकले, कारण त्या मल्लखांब करतात. दोरीचा मल्लखांब.

मल्लखांबाची गोष्ट आपल्या निजामाच्या मुलखाशी जोडलेली आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात निजामाकडचे दोन नामी पहिलवान पुण्यात आले आणि कुस्तीचं आव्हान देऊन बसले, असं सांगतात. बाळंभटदादा देवधर या तरुणानं वणीच्या सप्तशृंगीला जाऊन तयारी केली आणि पुण्यात येऊन कुस्ती मारली. लाकडी खांबावरचा हा व्यायाम त्यांनी पुन्हा उभा केला. पुढे वेताला लोंबकळून करायचा प्रकार आला आणि चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा वेताच्या जागी सुती दोरी आली. दोरीवर मुली चढू लागल्या.

दादरच्या शिवाजी पार्कला श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथले उदय देशपांडे यांनी या अंध मुलींना दोरीवर चढवलं. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. मला त्या पुरस्कारापेक्षा, पहिल्यांदा हे करून बघावं असं ज्या दिवशी त्यांना वाटलं तो दिवस मोठा वाटतो. जरा विचार करा. दोरी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायची. तीच दोरी मांडीवरून, कमरेवरून, पाठीवरून फिरवायची. गाठ कुठेच मारायची नाही. अंगाच्या दाबानं ती आवळते आणि माणूस अधांतरी आसन लावतो. दोरी कुठून कुठे गेली हे डोळस मुलीलाही डोळ्यांनी दिसत नाही, ते कातडीलाच कळतं. शिकवणाऱ्यानं फक्त बोलायचं आणि हात लावून दाखवायचं. उलटं लटकल्यावर जमीन किती लांब आहे ते दिसत नाही, त्यामुळे भीतीही थोडी कमीच असावी, हा माझा आपला अंदाज. लिंबाखाली बसवलेली माझी विद्यार्थिनी मला इथे आठवली. शाळेच्या मागे चिंचेचं झाड होतं आणि विहिरीवर दोरही होता.

बाहेरच्या जगात काय चाललं होतं तेही थोडक्यात सांगते. १९२२ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात कारखान्यात काम करणाऱ्या दोन अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे भरले आणि त्या खुळखुळ्याला चेंडू समजून क्रिकेट सुरू केलं. अंधांच्या क्रिकेटचा जन्म असा जेवणाच्या डब्याशेजारी झाला म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात हजारो जवानांचे डोळे गेले. त्यांच्यासाठी १९४६ साली जर्मनी-ऑस्ट्रियाकडे गोलबॉल नावाचा खेळ निघाला. चेंडूत घुंगरू असतात. एका बाजूनं तो जमिनीवरून गडगडत फेकायचा, दुसऱ्या बाजूच्या तिघांनी आवाजावर आडवं पडून अडवायचा. या खेळात एक नियम फार सुंदर आहे. कुणाला थोडं दिसतं, कुणाला काहीच दिसत नाही, म्हणून सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी. तिथे पट्टी बांधतात ती सगळे सारखे व्हावेत म्हणून, आणि खेळ चालू असताना बघणाऱ्यांनी गप्प बसायचं, कारण आवाज ऐकू आला पाहिजे. आंधळ्या कोशिंबिरीचा रुमाल असाही बांधता येतो हे मला वयाच्या साठीनंतर कळलं.

अपंगांचं ऑलिंपिक, म्हणजे पॅरालिंपिक, १९६० साली रोममध्ये सुरू झालं ते चाकाच्या खुर्चीवरच्या खेळाडूंचं. अंध खेळाडूंना त्यात जागा मिळाली १९७६ साली, टोरांटोला. गोलबॉलमध्ये बायकांना जागा मिळायला १९८४ उजाडलं. उशीर सगळीकडेच झाला आणि बायकांना अजून उशीर झाला. हे पुढेही येणार आहे.

आता त्या पोरीचा प्रश्न. चेंडू कसा दिसतो? दिसत नाही गं, ऐकू येतो. चेंडू कडक प्लास्टिकचा असतो आणि आत लोखंडी छर्रे असतात. गोलंदाज हात खांद्यावरून फिरवत नाही, खालून टाकते, म्हणजे चेंडू जमिनीवरून खुळखुळत येतो. फलंदाजापर्यंत पोहोचण्याआधी त्यानं टप्पा घ्यायचा आणि पहिला टप्पा खेळपट्टीच्या मध्याच्या अलीकडे पडायला हवा. टाकण्याआधी गोलंदाज विचारते, तयार का? समोरची हो म्हणते. मग गोलंदाज "प्ले" अशी आरोळी देते आणि चेंडू सोडते. फलंदाज बहुतेक वेळा गुडघ्यावर बसून बॅट आडवी फिरवते, आपण अंगण झाडतो तशी. झाडूवाला फटका म्हणा! यष्ट्या धातूच्या असतात, म्हणजे लागल्या की खणकन आवाज येतो.

अकरा जणींमध्ये तीन प्रकार असतात. अजिबात न दिसणाऱ्या, म्हणजे बी-१, किमान चार. अगदी जवळचं पुसट दिसणाऱ्या बी-२. आणि त्याहून थोडं बरं दिसणाऱ्या बी-३, त्या चारपेक्षा जास्त नकोत. बी-१ खेळाडूनं काढलेली प्रत्येक धाव दुप्पट मोजतात. तिच्यासाठी पळायला दुसरी खेळाडू असते. तिनं एक टप्पा पडलेला चेंडू धरला तरी तो झेल. मला हे नियम वाचून हिशेबाचं फार कौतुक वाटलं. जिला अजिबात दिसत नाही तिला संघात दयेनं घेतलेलं नाही. ती नसेल तर संघच उभा राहत नाही आणि तिच्या धावा सगळ्यांत महाग.

आपल्या देशात १९९० साली दिल्लीत अंधांच्या क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. जॉर्ज अब्राहम, ज्यांची स्वतःची दृष्टी अधू, ते या कामात पुढे होते. १९९८ साली पहिला विश्वचषकही दिल्लीतच झाला. तो दक्षिण आफ्रिकेनं पाकिस्तानला हरवून जिंकला. पुढे २०१२ साली भारतानं बंगळुरूला टी-२० चा चषक घेतला, मग २०१७ आणि २०२२ ला पुन्हा. हे सगळे पुरुषांचे संघ. आपल्याकडे डोळस पुरुषांच्या क्रिकेटची जशी घराघरात चर्चा होते तशी यांची झाली नाही, पण निदान खेळायला मैदान तरी मिळालं.

मुली कुठे होत्या? अंध मुलाला बाप शाळेत घालतो, वसतिगृहात ठेवतो. अंध मुलीला घरात ठेवतात. "बाहेर कुणी काही केलं तर" ही भीती खोटी नाही, मी ती हसण्यावारी नेणार नाही. पण घरात ठेवलेल्या मुलीपर्यंत चेंडू पोहोचतच नाही. म्हणून मुलींच्या संघाला २०२३ साल उजाडलं. त्या वर्षी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला अंधांच्या जागतिक स्पर्धा झाल्या आणि त्यांत पहिल्यांदाच क्रिकेट होतं. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियानं २० षटकांत ११४ धावा केल्या. पावसामुळे भारताला ९ षटकांत ४२ धावांचं लक्ष्य दिलं, ते आपल्या मुलींनी चौथ्या षटकातच गाठलं. सुवर्णपदक.

मग नोव्हेंबर २०२५. अंध महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक. पुरुषांच्या पहिल्या चषकानंतर तब्बल २७ वर्षांनी. भारत, नेपाळ, श्रीलंका, ऑस्ट्रेलिया, पाकिस्तान आणि अमेरिका असे सहा संघ. २३ नोव्हेंबरला कोलंबोत अंतिम सामना झाला. नेपाळच्या ११४ धावा आपण सात गडी राखून पार केल्या. ओडिशाची फुला सरेन त्या सामन्याची मानकरी ठरली. कर्णधार कर्नाटकची दीपिका टी. सी. तान्ही असताना नख लागून तिचा डोळा गेला. आईबाप शेतमजूर. आणि उपकर्णधार आपल्या महाराष्ट्राची, गंगा कदम. घर शेतकऱ्याचं, भावंडं बरीच, आणि वडिलांनी तिला अंधांच्या शाळेत घातलं. बाजारात भेटलेल्या माझ्या मैत्रिणी, त्या पोरी टीव्हीत मन राखायला दाखवत नव्हते. त्या तुझ्या-माझ्यासारख्या घरांतल्या होत्या.

क्रिकेट म्हणजेच खेळ असं मात्र नाही. आपल्या विदर्भातली कांचनमाला पांडे पोहते. तिला अजिबात दिसत नाही. पोहण्यात भिंत कधी येते हे कळणं सगळ्यांत अवघड. डोकं आपटू शकतं. म्हणून काठावर एक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो. काठीच्या टोकाला मऊ गोळा असतो. भिंत जवळ आली की तो खेळाडूच्या पाठीला किंवा डोक्याला टोचा देतो, की आता वळ. २०१७ साली ती बर्लिनला स्पर्धेला गेली आणि मंजूर पैसे वेळेवर पोहोचले नाहीत. परक्या देशात उसनवारी करून दिवस काढायची वेळ आली आणि तशाही अवस्थेत तिनं रौप्यपदक आणलं. तेव्हा पेपरात ही बातमी खूप गाजली. त्याच वर्षी मेक्सिकोत जागतिक स्पर्धा व्हायची होती, ती तिथल्या भूकंपामुळे डिसेंबरात ढकलली. डिसेंबरात २०० मीटर वैयक्तिक मेडलेत तिनं सुवर्णपदक घेतलं. मेडले म्हणजे चार प्रकारचं पोहणं एकाच शर्यतीत. पैशाची गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली, पदक किती जणांच्या लक्षात आहे कोण जाणे.

धावण्यात अंध खेळाडूबरोबर एक डोळस धावपटू धावतो. दोघांच्या हातांत एक छोटी दोरी असते. त्या सोबत्यानं खेळाडूला ओढायचं नाही, आणि शेवटची रेघ तिच्या आधी ओलांडायची नाही. ओलांडली तर शर्यत बाद. मला यात आत्याची फुगडी दिसली. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये सिमरन शर्मानं असंच धावून २०० मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे जगभर धावून आला, म्हणजे धावणाऱ्यांची आपल्या जिल्ह्यात वाण नाही. कुण्या अंध पोरीच्या हातातल्या दोरीचं दुसरं टोक धरायला एखादा पोरगा किंवा पोरगी मिळणार नाही असं मला वाटत नाही.

आणि ज्यांना मैदानाची भीती वाटते त्यांच्यासाठी बुद्धिबळ. पटाच्या प्रत्येक घराला भोक असतं, सोंगट्या त्यात खोचतात म्हणून हात लागला तरी पडत नाहीत. काळी घरं थोडी उंच, आणि काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर टोक. हात फिरवायचा, पट वाचायचा, चाल मोठ्यानं बोलायची. डोळस खेळाडूनं सोंगटीला हात लावला की चालवावीच लागते. इथे सोंगटी भोकातून उचलली तरच. मुंबईचे चारुदत्त जाधव, ज्यांची दृष्टी शाळकरी वयात गेली, त्यांनी अंधांच्या बुद्धिबळाची देशपातळीची संघटना उभी केली. २०२३ साली चीनमध्ये आशियाई पॅरा स्पर्धा झाल्या, त्यांत आपल्या अंध मुलींच्या संघानं बुद्धिबळात कांस्यपदक मिळवलं. त्या तिघींमध्ये संस्कृती मोरे होती.

आता कामाचं. मुलीला कमी दिसतं असं वाटत असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. चष्म्यानं किंवा ऑपरेशननं सुधारणारं असेल तर तेच आधी. सुधारणारं नसेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढा. ऑनलाइन अर्ज होतो, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. त्यावरून मिळणारं यूडीआयडी कार्ड जपून ठेवा. शिष्यवृत्तीपासून एसटीच्या सवलतीपर्यंत सगळीकडे लागतं. आणि हो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळाचं एक वेगळं कलमच आहे, तिसावं. शाळेत कुणी म्हणालं की हिला खेळायला घेता येत नाही, तर शांतपणे त्या कलमाचं नाव घ्या. मी शिक्षिका असताना माझ्यासमोर कुणी ते घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा हा कायदा नव्हता. १९९५ चा होता, आणि तोही मी वाचलेला नव्हता.

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींना एक विनंती. दिवाळीनंतर उचल घेऊन कोयता निघाला की असं लेकरू आजीजवळ गावातच राहतं, किंवा फडावर कोपीत बसून राहतं. आजीजवळ राहणार असेल तर निघण्याआधी शाळेच्या बाईंना भेटून सांगून जा, की आमच्या पोरीला खेळाच्या तासाला बसवून ठेवू नका.

परवा मी त्या मायलेकींना घरी बोलावलं. मुलांचा प्लास्टिकचा चेंडू बाजारातून आणला होता. सुरी तापवून त्याला चीर पाडली, सायकलच्या दुकानातून आणलेले आठ-दहा छर्रे आत घातले, आणि चीर तापवून बुजवली. पहिल्या दोन चेंडूंचं वाटोळं झालं, तिसरा जमला. अंगणात तिला भिंतीपाशी उभी केली. हातात बॅट नव्हती, धुणं बडवायची मोगरी दिली. मी खालून चेंडू सोडला. ती हललीच नाही, मान तिरकी करून ऐकत राहिली, आणि चेंडू पायाला लागून थांबला. तिची आई लगेच पुढे आली, "लागलं का गं?" ती म्हणाली, "थांब ना माय. बाई, जरा हळू टाका, आणि आधी सांगा."

मी म्हटलं, तयार का?

"हो."

तिसऱ्या वेळेला मोगरी लागली. चेंडू खुळखुळत तुळशीवृंदावनाच्या पलीकडे गेला आणि तो आणायला तीच धावली, आवाजाच्या मागे. वाटेत तिची चप्पल निघाली ती मी उचलून ठेवली.